चाचांचं नेहमीचं

चाचा माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायचे, आधी दंडाकडे. शीर सापडली की दंडाला रबरी पट्टा बांधायचे आणि सुई टेकवता टेकवता विचारायचे, "गाव कुठलं? आनि गावात खाता कुठं?" पेशंट बिचारा आपल्या गावच्या बाजारातली भजी आठवत बसायचा, तेवढ्यात रक्त बाटलीत येऊन मोकळं झालेलं असायचं. सुई टोचलेली कळलीच नाही, असं लोक म्हणायचे. त्याचं खरं कारण भजी होती, पण हलक्या हाताचं श्रेय चाचा बिनदिक्कत घ्यायचे.

मिरजेत दवाखान्यांच्या गल्लीत आमची रक्त-लघवी तपासायची छोटी लॅब आहे. मी तिथं लागले तेव्हा चाचा तिथले सगळ्यात जुने टेक्निशियन होते. त्यांचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि ते तिथंच राहिलं. लॅबच्या मालकीण असलेल्या डॉक्टर मॅडमपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळे त्यांना चाचाच म्हणायचे. मी साताऱ्याची, म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी माझं नाव 'सातारा' ठेवलं. "ए सातारा, ती लाल टोपनाची बाटली आन." मला राग यायचा. आईबापांनी बारशाला एवढा खर्च करून ठेवलेलं नाव असं एका मिनिटात मोडीत निघालं, तर कुणालाही येईल. पण चाचांवर रागावून उपयोग नसायचा, कारण दुपारी भूक लागली की त्यांच्याशिवाय मला कोणी वाली नव्हता. मला भूक लागली की मी माणसात राहत नाही, हे माझ्या घरचे सांगतील.

सांगली आणि मिरज म्हणजे खरं तर एकच शहर, मधे फक्त दोन्हीकडच्यांचा अहंकार वसलेला आहे. या दोन्ही गावांत कुठं काय खावं हे चाचांना जेवढं ठाऊक होतं तेवढं कुणालाच नसेल. त्यात त्यांना नोकरीची मदत होती. आमच्याकडे जतपासून, कुंडलपासून, पलीकडे अथणीपासून पेशंट येतात. साखर तपासायची म्हणून पहाटे उपाशी निघालेले असतात. एकदा उपाशीपोटी रक्त दिलं की त्यांना सांगायचं, आता जेवून या, दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचंय. परक्या गावात उपाशी माणूस विचारणारच, "जेवू कुठं?" तसं विचारलं की चाचा हातमोजे काढून बाहेर यायचे.

"मेन रोडला जायाचं न्हाई. काच दिसली की माघारी फिरायचं. ह्या गल्लीनं खाली जावा, सायकलवाल्याचं दुकान लागंल, त्याच्या बगलंला बोळ हाय. बोळात शिरला की वास येतो. वासाला उजवीकडं वळायचं."

वासाला उजवीकडं वळून माणसं जायची आणि दोन तासांनी परत यायची ती नाक लाल, कपाळावर घाम आणि चेहऱ्यावर समाधान घेऊन. कुणी हातात चाचांसाठी जिलेबीचा पुडा आणायचं. मग त्यांचं रक्त घ्यायचं आणि मशीनवर आकडा आला की मी डोळे मिटून घ्यायची. शेवटी गल्लीतल्या एका डॉक्टरांनी मॅडमना फोन करून विचारलं, की तुमच्याकडून येणाऱ्या माणसांची उपाशीपोटीची साखर शहाण्यासारखी असते, मग दोन तासांत अशी काय आग लागते? मॅडमनी चाचांना आत बोलावलं. पंधरा मिनिटं दार बंद होतं. दुसऱ्या दिवशी भिंतीवर कागद लागला : 'पेशंटने घरी नेहमी घेतो तेवढेच व तसेच जेवण घ्यावे.'

चाचांनी तो कागद चष्मा वर करून, खाली करून, दोनदा वाचला आणि खूश होऊन म्हणाले, "बघ सातारा, मॅडम बी आपल्याच मताच्या हायती. न्हेमीचं खावं."

'नेहमीचं' हा चाचांचा धर्म होता म्हटलं तर त्यांना वाईट वाटायचं नाही. ते पाचही वेळच्या नमाजाला हजर असायचे, पण नेहमीच्या हॉटेलाला त्याहून एक वेळ जास्तच. त्यांचं म्हणणं असं, की परक्या गावात 'चांगलं हॉटेल कुठाय' असं कधी विचारू नये. "चांगलं इचारलं की मानूस पावन्याचं हॉटेल सांगतो. सवता त्यो तिथं कवा गेलेला नसतो. 'तुमी कुठं खाता' असं इचारायचं. मग मानूस लाजतो, हिकडं-तिकडं बघतो आनि खरं सांगतो." आणि मग तिथंच जात राहायचं. एक दिवस असा येतो की आपण बसतो आणि वेटर काही न विचारता आपली प्लेट आणून ठेवतो. "ज्या गावात वेटर न इचारता आनतो, ते गाव आपलं. आधार कार्डावर काय बी असू दे."

मिरजेत स्टेशनच्या अलीकडे एका हॉटेलात हे भाग्य त्यांना रोज लाभायचं. ते दारात दिसले की आत आरोळी जायची आणि ते खुर्चीला टेकेपर्यंत कटवडा समोर यायचा. कट म्हणजे आमच्याकडचा तो लाल, वर तेलाचा तवंग असलेला झणझणीत रस्सा. चाचांचा वडा त्यात बुडवलेला, वर आणखी एक वाटी कट वेगळा, कांदा नाही, लिंबाच्या फोडी दोन. चाचा त्या प्लेटकडे एक क्षण नुसते बघायचे. लोक आपल्या पोरांच्या बक्षीस समारंभात बघतात तसे.

एका थंडीत लॅबची सहल महाबळेश्वरला गेली होती. सगळ्यांच्या तोंडात एकच, स्ट्रॉबेरी आणि क्रीम. चाचा गाडीतून उतरले ते तडक टॅक्सी स्टँडवर. तिथल्या ड्रायव्हरना त्यांनी विचारलं, "गड्या, तुमी कुठं खाता?" कोट घातलेला पोक्त माणूस असं विचारतोय म्हटल्यावर ड्रायव्हर सावध झाले, त्यांना वाटलं हा सरकारी माणूस. कोणी बोलेना. मग चाचांनी सवयीनं एकाची खालची पापणी ओढून बघितली आणि म्हणाले, "रक्त कमी हाय तुमच्यात. पालेभाजी खाता का न्हाई?" झालं. दहा मिनिटांत सात ड्रायव्हर पापण्या ओढून रांगेत उभे. त्यातल्या शेवटच्यानं आम्हा सगळ्यांना आपल्या वस्तीवरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये नेलं. पिठलं, ज्वारीची भाकरी आणि खरडा. एरवी डब्यात काकडी आणणाऱ्या मॅडमनी तिथं तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि स्ट्रॉबेरीचं नाव परत कोणी काढलं नाही.

परतताना गाडी साताऱ्यात आमच्या घरी थांबली. आईनं सगळ्यांसमोर कंदी पेढे ठेवले. चाचांनी एक पेढा आदरानं खाल्ला आणि माझ्या बाबांना तोच प्रश्न विचारला. बाबा ताठ बसून म्हणाले, "आमी बाहेरचं खात न्हाई." ते खरंही होतं, निदान आमच्या घरात तरी. बाबांना डॉक्टरनी तेल वर्ज्य केलेलं, आणि आई त्या बाबतीत पोलिसाच्या वरताण. बाबा रोज संध्याकाळी अजिंक्यताऱ्यावर फिरायला जायचे. एवढा गड चढूनही पोट का कमी होत नाही, हे आईला पडलेलं कोडं होतं.

मग पाय मोकळे करायला म्हणून आम्ही सगळे बाहेर पडलो. चाचा पुढे, नाक वर. भाजी मंडईच्या मागे एक बाई कढई मांडून बसल्या होत्या. मी साताऱ्यात चोवीस वर्षं काढली, पण त्या कोपऱ्यात माझा पाय कधी पडला नव्हता. चाचा त्यांना प्रश्न विचारणार, इतक्यात त्या बाईंची नजर आमच्या घोळक्यातल्या बाबांवर पडली. त्यांनी चार मिरच्या उचलून पिठात बुडवल्या, कढईत सोडल्या आणि म्हणाल्या, "आलासा व्हय? बसा, झालंच तुमचं."

कढईत मिरच्या तडतडत होत्या. 

"तुमचं म्हंजे कुणाचं?" आईनं विचारलं.

"ह्येंचं की. रोजचं गिऱ्हाईक हाय आमचं. कांदा न्हाई घेत, नुसत्या मिरच्या."

"गडावर जाता न्हवं तुमी?" आई बाबांकडे न बघता म्हणाली.

"जाता जाता..." बाबा म्हणाले.

"गड पल्याड हाय."

चाचांना आपण काय करून बसलो ते कळलं होतं, ते मनापासून वरमले होते, पण तशातही त्यांना राहवलं नाही. ते पुढे झाले आणि त्यांनी बाबांचा हात दोन्ही हातांत घेऊन आदरानं दाबला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ह्येला म्हनायचं सातारकर. तू कसली सातारा?" आमच्या घरी त्यानंतर कित्येक दिवस फक्त उकडलेलं शिजत होतं आणि बाबा चाचांचं नाव निघालं की उठून आत जायचे.

हे सगळं सांगायचं कारण, अशा माणसावर एक दिवस पुण्याला जाऊन राहायची वेळ आली.

चाचांचा मुलगा पुण्यात नोकरीला, कोंढव्यात त्याचा फ्लॅट. त्याला मुलगी झाली तशा चाची नातीला सांभाळायला तिकडे गेल्या, त्या तिकडच्याच झाल्या. चाचांची साठी उलटली होती. मॅडम म्हणाल्या होत्या, तुम्हाला वाटेल तेव्हा काम थांबवा. मुलगा दर दोन दिवसांनी फोन करायचा, "अब्बा, कब आते?" आणि चाचा म्हणायचे, बघतो. त्यांना पुणं नको होतं असं नाही. नातीचा फोटो ते रक्त घेताना पेशंटना दाखवायचे. पण साठ वर्षं ज्या गावात आपल्याला कोणी काही विचारलं नाही ते गाव सोडून, जिथं प्रत्येक जण 'काय हवंय' म्हणून तोंडाकडे बघतो तिथं म्हातारपण काढायचं, या विचारानं त्यांची झोप गेली होती. हे त्यांनी मला एकदा रक्ताच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवता चिकटवता सांगितलं. आणि मग जाहीर केलं, की पुण्यात एक तरी वेटर न विचारता प्लेट आणेल, त्या दिवशी आपण सामान हलवणार. त्याच्या आधी नाही.

चाचींना हे कळलं तेव्हा त्यांनी चाचांना फोन न करता मला केला. "अगं, पस्तीस वर्षं मी ह्येंला न इचारता ताट वाढतीया. त्या वेटराला काय सोनं लागलंय?" मी चाचांना निरोप दिला. त्यांनी हातातली चिठ्ठी बाटलीवर नीट चिकटवली. मग म्हणाले, "बरोबर हाय तिचं. पन घरच्यांनी वळखलं तर त्यात काय? गावानं वळखाया पायजे." माझं म्हणाल तर मी कुणाचीच बाजू घेतली नाही. मनात मात्र मला चाचा जायला नको होते. खोटं कशाला सांगू? घर सोडून आलेल्या मला त्या गावात सकाळी लॅबचं दार उघडताना बरं वाटायचं, ते आतून 'ए सातारा' ऐकू यायचं म्हणून.

लॅबमध्ये नवीन मशीन आलं आणि ते शिकायला मॅडमनी आम्हा दोघांना दोन दिवस पुण्याला पाठवलं. दुसऱ्या दिवशीचं सत्र दुपारी होतं, म्हणून सकाळी चाचा मला घेऊन पेठांमध्ये निघाले. एका इस्त्री केलेल्या गृहस्थांना त्यांनी अदबीनं विचारलं, "तुमी कुठं खाता?"

"घरी," ते म्हणाले आणि गेले.

दुसऱ्यानं विचारलं, "आपल्याला काय करायचंय?" तिसरा रिक्षावाला निघाला कुंडलचा. "चाचा, मी डबा आनतो. बायकू देती." चौथा कराडचा, पाचवा लातूरचा, आणि सहाव्यानं आम्हालाच विचारलं की इथं जवळ खायला कुठं मिळेल. चाचांनी कपाळाला हात लावला. "आख्ख्या पुन्यात पुनेकर एकच हाय, आनि त्यो घरी खातो!"

मग त्यांनी एक आजोबा हेरले. कापडी पिशवी, पायात चपला, आणि समोरून येणाऱ्या गाडीकडे ढुंकूनही न बघता रस्ता ओलांडणारे. "ह्यो हितलाच," चाचा म्हणाले, "चल मागनं." आजोबा दुधाच्या दुकानात गेले, आम्ही बाहेर थांबलो. वाचनालयात गेले, आम्ही बाहेर थांबलो. चष्म्याच्या दुकानात गेले आणि अर्धा तास बाहेर आले नाहीत. माझं डोकं भुकेनं फिरलं होतं आणि चाचांना मी नको ते बोलले होते. शेवटी आजोबाच गर्रकन वळले. "माझ्या मागं का येताय?"

"आजोबा," चाचा हात जोडून म्हणाले, "तुमी खानार कवा?"

आजोबांनी आम्हाला आपादमस्तक न्याहाळलं, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि समोरच्या बोळाकडे बोट केलं. तिथं एक जुनं मिसळीचं दुकान होतं. पाटी पुसट, बाकं लाकडी, वेटर एकच, तोही चाचांच्याच वयाचा, नाकावर चष्मा आणि कपाळावर कायमची आठी. चाचा खूश झाले. मिसळ आली. चार घास झाले आणि त्या वेटरनं लांबूनच मोठ्यानं विचारलं, "काका, सॅम्पल देऊ?"

चाचांचा घास हातातच राहिला. पस्तीस वर्षं ज्यांनी सकाळ-संध्याकाळ सॅम्पल हा शब्द फक्त एकाच अर्थानं ऐकला होता ते चाचा, चार लोकांत असं विचारल्यावर गोंधळून म्हणाले, "कशाचं? उपाशीपोटीचं, का खाल्ल्यावरचं?"

"मिसळीचं हो," वेटर वाटी समोर ठेवत म्हणाला. "गरम आहे."

पुण्यात मिसळीवर जो जादा रस्सा देतात त्याला सॅम्पल म्हणतात, हे मला पुण्यातल्या मावसबहिणीमुळे ठाऊक होतं. मी ते चाचांना सांगितलं, म्हणजे सांगायचा प्रयत्न केला. हसून हसून माझा ठसका नाकात गेला होता. चाचांना काही हसू आलं नाही. "सॅम्पल म्हंजे बाटलीतलं," ते म्हणाले, "त्ये तोंडात घालायचं व्हय?" समोरच्या वाटीकडे त्यांना बघवेना. त्यांनी ती बाजूला सारली आणि वेटरला ठणकावून सांगितलं, "सॅम्पल न्हाई पायजे. कट आना. कट."

वेटर गेला आणि अर्धा ग्लास चहा घेऊन आला. कटिंग.

आता चाचांचा आणखी एक नियम असा, की आणलेलं परत पाठवतो तो पाहुणा. ते चहाकडे बघत राहिले. मग त्यांनी मिसळीचा घास घेतला आणि वर गरम चहाचा घोट घेतला. त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "कसं आहे?" मी विचारलं. "मिसळ झ्याक हाय," चाचा म्हणाले. "हेच हॉटेल आपलं."

तेव्हापासून दर शनिवारी दुपारी चाचा रेल्वेनं पुण्याला जायचे, रात्री मुलाकडे उतरायचे आणि रविवारी सकाळी त्या बोळात मिसळ खाऊन परत यायचे. चाची दारात म्हणायच्या, आलाच आहात तर राहा, आणि चाचा म्हणायचे, अजून न्हाई. सोमवारी मला साद्यंत अहवाल मिळायचा. "ह्या खेपंला त्यानं मेनूकार्ड ठिवलं." "ह्या खेपंला कार्ड न्हाई ठिवलं, पन इचारलं." एकदा तर लॅबच्या दारातूनच ओरडत आले, "मान हलवली, सातारा! मी आत गेलो तर त्यानं मान हलवली!" एका सोमवारी मात्र उतरलेलं तोंड घेऊन आले. वेटर रजेवर होता, बदली माणसानं सगळं पहिल्यापासून विचारलं होतं.

"आनि कट?" मी विचारायची.

"मी कट म्हनतो, त्यो चहा आनतो."

"आवं चाचा, सॅम्पल म्हणा की एकदा."

"जीभ वळत न्हाई. रस्सा म्हनून बघितलं, तर मलाच म्हनतो, 'सॅम्पल म्हणा.' मग म्हटलं मरू दे. कट म्हंजे कट. आपन आपला शब्द सोडायचा न्हाई." आणि मिसळीवर दर रविवारी चहा पिऊन त्यांची जीभ मंगळवारपर्यंत बधिर असायची. मॅडमनी त्यांना एकदा तपासून घ्या म्हणून सांगितलं, तर म्हणाले, "कसलं सॅम्पल देऊ?" आणि स्वतःच उदास झाले.

असे कितीतरी रविवार गेले. मग एका शुक्रवारी चाचा माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "परवा तू बी चल," ते म्हणाले. "गेल्या खेपंला त्यो इचाराया आला आनि मधीच थांबला. मला वाटतंय, आता व्हनार. साक्षीदार पायजे." मी मावसबहिणीकडे जायचं निमित्त काढून गेले. माझ्या मनात काय काय होतं ते सांगायला लाज वाटते. चाचा हात धुवायला गेले की त्या वेटरला गाठायचं आणि हात जोडायचे, की बाबा, तुम्ही आपले दर वेळी विचारत चला, एवढीही त्यात एक योजना होती.

आम्ही आत शिरलो. चाचांनी पांढरा शर्ट घातला होता, दाढी कोरलेली होती. ते भिंतीकडच्या बाकावर बसले आणि हात मांडीवर ठेवून समोर बघत राहिले. वेटरनं लांबून बघितलं. आत गेला. मी न होवो, न होवो असं मनात म्हणत होते.

तो बाहेर आला. आठी तशीच. चाचांपुढे त्यानं मिसळ ठेवली, कांदा नाही, लिंबाच्या दोन फोडी. आणि शेजारी अर्धा ग्लास चहा.

"सांगलीकरांचं नेहमीचं," तो म्हणाला.

मिरजकराला सांगलीकर म्हटलं, तरी चाचांनी दुरुस्त केलं नाही. मी मात्र तोंड उघडलं. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की अहो, यांना चहा नको असतो, रस्सा हवा असतो, तुम्हीच एवढे दिवस चुकताय. एवढं एक वाक्य बोलले असते तर पुढच्या रविवारी वेटरला पुन्हा विचारावं लागलं असतं, सगळं पहिल्यापासून सुरू झालं असतं, आणि चाचा मिरजेत राहिले असते. चाचांनी ते माझ्या तोंडावर वाचलं. त्यांनी मान इतकी बारीक हलवली की दुसऱ्या कुणाला दिसली नसती. त्या मानेत हुकूम नव्हता. विनवणी होती. मी तोंड मिटलं.

त्यांनी घास घेतला आणि वर चहाचा घोट घेतला. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही. मग शर्टाच्या खिशातून फोन काढला आणि मुलाला लावला.

"हां, मैं. सामान का टेम्पो ठैरा दे. हां, इसी महिने. बडावाला बोल, अम्मी का कपाट है."

पलीकडून चाचींचा आवाज आला, त्या काहीतरी भराभर बोलत होत्या आणि बहुतेक रडत होत्या. चाचा नुसते हां, हां म्हणत होते आणि हसत होते. मलाही त्यांच्यासाठी फार आनंद झाला होता, आणि त्यांचा इतका राग आला होता की समोरचा चहा उचलून ओतून द्यावा असं वाटत होतं. मी टेबलाकडे बघत बसले.

वेटर अजून तिथंच उभा होता. त्यानं फडका खांद्यावर टाकला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "आणि तुम्हाला काय आणू, ताई?"